सेतुमामांच्या स्कूटरचा आवाज

शोळिंगनल्लूरच्या कंप्यूटर कचेऱ्यांमागच्या गल्लीत आमचं दुचाकी दुरुस्तीचं दुकान आहे. आमचे यजमान राघोत्तम गाड्या बघतात, मी पुढच्या मेजावर बसून गिऱ्हाईक बघते. दोन्हींत गिऱ्हाईकच जास्त बिघडलेलं असतं, असं आमचा मिस्त्री व्यंकट म्हणतो. कोवलमचे एक मासेवाले राहुकाळात गाडी ताब्यात घेत नाहीत. राहुकाळ सरेपर्यंत ते माझ्यासमोर बसून राहतात आणि त्यांच्या पाटीचा वास माझ्या उदबत्तीला पुरून उरतो. एका कंप्यूटरवाल्या मुलाच्या गाडीचं चाक खोललं की तो डोळे मिटून घेतो. देवानं ज्याला जे वेड दिलंय ते सांभाळून घ्यावं, असं मला वाटतं. सेतुमामांच्या बाबतीत मात्र हे सांभाळून घेणंच अंगाशी आलं.

सेतुमाधवराव म्हणजे सीतालक्ष्मी अक्कांचे धाकटे भाऊ. तंजावरकडून आलेल्या आमच्या मराठी घरांत अक्कांचं कीर्तन ठाऊक नाही असं कुणी नाही. बाई उभी राहिली की देव खाली येऊन बसतो, असं माझी सासू म्हणायची, आणि मला ते खोटं वाटत नाही. अक्का पुढं, आणि त्यांच्या मागं हातात झांज घेऊन सेतुमामा. अक्कांनी पदाची ओळ सोडली की मागून ती उचलून धरायची, सूर पडू द्यायचा नाही. ह्याला झील धरणं म्हणतात. मामांनी जन्मभर तेवढंच केलं.

पोंगल झाल्यावर मामा स्कूटर घेऊन आले.

"राघू, आवाज करते बघ ही. बारीक. गुंऽऽ असा."

व्यंकटनं कान लावला. "काही नाही सार. इंजिन छान आहे."

"तुझ्या कानांत ग्रीस गेलंय पा," मामा म्हणाले. "घरी पोचलों तरी हिचा आवाज कानांत घुमतो. इतकं वाईट इंजिन!"

यजमानांनाही काही ऐकू येत नव्हतं, पण आवाज नाहीच हे ते मानायला तयार नाहीत. मला आत बोलावून म्हणाले, "भवानी, अक्कांच्या मागं झील धरलेला कान आहे तो. आपल्याला ऐकू येत नसेल तर कान आपलेच कमी."

त्यांनी इंजिन उघडलं. चांगलं, धडधाकट इंजिन. बेअरिंग बदललं. मामा गेले, आणि आठवडा सरायच्या आत परत आले. पुन्हा उघडलं. व्यंकट कुरकुरला की, दुसऱ्या कुणी असं सांगितलं असतं तर सारांनी त्याला चहा पाजून वाटेला लावलं असतं. खरंच होतं ते. पण कीर्तनातल्या माणसाचा सूर चुकेल हे आमच्या घरात कुणाच्या मनातच येऊ शकत नव्हतं.

रामनवमी जवळ आली तेव्हा एका दुपारी दारात रिक्षा थांबली आणि सीतालक्ष्मी अक्का उतरल्या. मी धावत जाऊन पाया पडले. त्यांनी आशीर्वाद दिला, पण बसल्या नाहीत.

"राघोत्तमा, माझ्या भावाच्या गाडीला काय झालंय?"

यजमान चाचरले. "अक्का, आवाज आहे म्हणतात मामा..."

"तुला ऐकूं येतो?"

"नाही."

"मग उघडतोस कशाला?"

अक्का खुर्ची ओढून बसल्या.

"मागल्या एकादशीला मांबलमच्या मठांत त्यानं झील धरली ती वेगळ्याच सुरांत. मी ओढून घेतला माझा सूर त्याच्याकडे, लोकांना कळूं नये म्हणून. पेटीवाल्यानं हात वर घेतले. सेतूला काहीं कळलंच नाही. डॉक्टरकडे चल म्हटलं तर म्हणतो, कान ठीक आहेत, गाडींतच आवाज आहे, राघूनं दोनदां इंजिन खोललं, उगीच कां खोलील तो?"

आमची भक्ती मामांच्या हातातला दाखला होऊन बसली होती.

"मग तुम्हीच सांगा ना अक्का," मी म्हटलं.

"मी?" त्यांनी साडीचा काठ चाचपला. "बाई उभी राहून कीर्तन करते म्हणून आपल्याच लोकांनी तोंडं फिरवलीं तेव्हां मागं उभं राहायला कुणी तयार नव्हतं. हा उभा राहिला. लोक ह्याला हसले, बहिणीचं शेपूट म्हणाले. त्याला मी सांगूं, तूं आतां मागं नको? माझ्या तोंडांतून नाहीं निघत गे. आणि न सांगतां रामनवमीला उभा केला, तर चारचौघांत हसूं होईल त्याचं. तें मला बघवणार नाहीं."

रिक्षात बसताना त्या यजमानांना म्हणाल्या, "तुझं इंजिन बरं आहे असं त्याला सांग. एवढंच सांग. पुढचं तो समजेल."

दोन दिवसांनी मामा आले. तीच तक्रार. यजमान पुसायचं फडकं हातात पिळत उभे राहिले. शेवटी त्यांनी व्यंकटला हवेचा पंप बंद करायला सांगितलं, स्वतः स्कूटर सुरू केली आणि म्हणाले, "मामा, सांगा बघू कुठं येतो आवाज."

मामांनी डोळे मिटले, मान कलती केली. कीर्तनात ओळीची वाट बघताना करायचे तशीच.

"हा बघ. गुंऽऽ."

यजमानांनी किल्ली फिरवली. इंजिन बंद झालं. दुकानात पंखासुद्धा फिरत नव्हता.

"आणि आता?"

"आतां तर स्पष्टच येतो कीं रे, आतां..."

मामांनी डोळे उघडले. किल्ली यजमानांच्या हातात होती. मामा त्या किल्लीकडे बघत राहिले. मग वाकून त्यांनी इंजिनावर तळहात ठेवला, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा. इंजिन थरथरत नव्हतं.

व्यंकट हळूच बाहेर जाऊन पायरीवर बसला.

"अक्काला ठाऊक आहे?" मामांनी विचारलं.

"आहे," यजमान म्हणाले.

"एकादशीला ती मध्येच सुरांत चढली. मला वाटलं, वय झालं अक्काचं." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "माझ्यासाठीं चढली होय ती?"

मला खोटं बोलता आलं असतं. मी म्हटलं, "हो मामा."

ते खुर्चीत बसले. मी ताक दिलं, ते त्यांनी सगळं प्यायलं. मग म्हणाले, "राघू, चांगल्या डॉक्टरचं नांव सांग. आणि गाडी इथंच राहूं दे. वाटेंत मागचा हॉर्न ऐकूं आला नाही तर उगीच दुसऱ्याच्या जिवाला घोर."

डॉक्टरनं कानाला यंत्र दिलं. बोलणं ऐकू येईल, म्हणाला, पण सुराचा बारकावा परत येईल असं काही सांगत नाही. मामांनी अक्कांना स्वतःच सांगितलं की, रामनवमीला झील दुसऱ्यानं धरावी. अक्कांनी काय उत्तर दिलं ते मला ठाऊक नाही.

रामनवमीला मठ भरला होता. अक्कांच्या मागं त्यांचा एक शिष्य झांज घेऊन उभा. मामा पुढं सतरंजीवर, यजमानांच्या आणि माझ्यामध्ये. मांडीवर हात घट्ट धरून बसले होते. पूर्वरंग झाला, अक्कांना हार घातला, बुक्का लावला. आख्यान सुरू झालं तरी मामांनी मान वर केली नाही. सगळा मठ पदाची ओळ म्हणत होता, ते ओठ मिटून होते. मला वाटलं, उठून जातात की काय.

दशरथाला रामाचं मुख दाखवतात त्या ओळीवर अक्का आल्या, तेव्हा मामांनी वर पाहिलं. आणि मग पाहतच राहिले. थोड्या वेळानं माझ्या कानाशी वाकून, ऐकू न येणारी माणसं बोलतात तेवढ्या मोठ्यानं ते म्हणाले, "अगे भवानी, ही हसते इथं! जन्मभर हिची पाठच पाहिली मी. रामजन्म सांगतांना हसते ही!"

अर्धा मठ वळून बघायला लागला. यजमान खाली बघू लागले. अक्कांनी ऐकलं होतं. त्यांनी कथा थांबवली नाही, हातानंच झील धरणाऱ्याला थोपवलं, आणि ती ओळ पुन्हा, एकटीनं, सेतुमामांकडे तोंड करून म्हटली.