बरणीतल्या अळ्या कुणी खाल्ल्या?

मित्रांनो, मी एक जुनी काचेची बरणी आहे. माझा जन्म बुलावायो शहरातल्या कारखान्यात झाला आणि पोटात जॅम भरून मी ग्वांडाकडच्या या गावात आले. जॅम आठवड्यात संपला. मग विज्ञान शिकवणाऱ्या खुपे सरांनी माझ्या झाकणाला खिळ्याने भोकं पाडली आणि मला शाळेत नेलं. आता आपण विज्ञानाच्या कामाच्या झालो म्हणून मला भारी अभिमान वाटला.

आमच्याकडे मोपाने झाडांवर बोटाएवढ्या जाड अळ्या होतात. त्यांना अमाचिंबी म्हणतात. बायका त्यांचं हिरवं पोट पिळून काढतात, मिठात उकडून उन्हात वाळवतात आणि मग टोमॅटो-कांद्यात परततात. मक्याच्या उकडीबरोबर असं तोंडी लावणं असलं की पाहुणा उठायचं नाव घेत नाही.

सरांनी अशा सहा अळ्या माझ्यात ठेवल्या. "यांचं पुढे काय होतं ते रोज बघायचं आणि वहीत लिहायचं," ते म्हणाले. शनिवारी सरांचा मेहुणा अचानक टपकला. घरात तोंडी लावायला काही नव्हतं. सोमवारी मी रिकामी!

"सर, निष्कर्ष काय लिहू?" नोमालांगाने उभं राहून विचारलं. वर्गातली ही सगळ्यात चिकट मुलगी.

सर खाली बघत म्हणाले, "मीठ जरा जास्त झालं."

पुढच्या वर्षी नव्या अळ्या भरून तिने मला स्वतःच्या घरी नेलं. तिची आजी माड्लोड्लो हिने मला चुलीजवळ पाहिलं आणि तिला भरून आलं. "इतकी वर्षं शाळेत जातेयस, आज पहिल्यांदा काहीतरी कामाचं आणलंस गं!" संध्याकाळपर्यंत प्रयोग ताटात आला. नोमालांगा रडली आणि रडत रडत तिने दोनदा वाढून घेतलं.

पण तिला काळजी वेगळीच होती. झाडांवरच्या अळ्या दरवर्षी कमी होत होत्या. पूर्वी सकाळी बादली भरायची, आता दिवसभरात तळ झाकेना. म्हणून लोक झाडाखालची जमीन खणू लागले. उतरून मातीत शिरलेल्या अळ्या तिथे काळपट कोष होऊन पडलेल्या असत. ते भाजून खायचे. त्यात माड्लोड्लो आजीचा हात गावात कुणी धरू शकत नसे. नोमालांगा सांगायची, "आजी, त्यातूनच पतंगाचं पाखरू निघतं. तेच अंडी घालतं." आजी म्हणायची, "पुस्तकातलं पाखरू पुस्तकात. माझं पोट पुस्तकाने भरत नाही."

तिसऱ्या वर्षी, एप्रिलात, वर्गाच्या खिडकीत नोमालांगाने माझ्यात अर्ध्यापर्यंत माती भरली आणि वर तीन लठ्ठ अळ्या सोडल्या. दोन दिवसांत त्या मातीत गडप झाल्या. माती कोण खाणार? मी वाचले. पण लगेच माझी किंमतही गेली. मुलं माझ्यात पेन्सिलीची टरफलं टाकू लागली. एकाने मला दाराला अटकाव म्हणून लावलं. आमच्याकडे थंडी मे ते ऑगस्ट; तेव्हा आणि नंतरही काही हललं नाही. खरं सांगते, मलाही वाटलं की मी तीन मढी सांभाळतेय. मला फार वाईट वाटायचं. नोमालांगा मात्र रोज टरफलं उचलून मला पुन्हा खिडकीत ठेवायची.

नोव्हेंबरात एका दुपारी गणिताच्या तासाला माझी माती हलली. एक ओलं, चुरगळलेलं पाखरू वर आलं आणि माझ्या काचेला धरून लटकलं. हळूहळू त्याचे पंख तळहाताएवढे झाले. त्यांवर डोळ्यांसारखे नारिंगी ठिपके होते. नोमालांगाने मला छातीशी धरलं आणि झाडांकडे धूम ठोकली. मागून सगळा वर्ग, त्याच्या मागे धापा टाकणारे सर.

आजी कुदळीने खणत होती. बादली अर्धी भरली होती.

"आजी, तू खणतेयस ना, ते हे."

आजीने मला हातात घेतलं. काचेतून दिसणाऱ्या फुटक्या कोषाकडे पाहिलं, मग बादलीकडे. 

"हे खातं काय?" तिने विचारलं.

"काहीच नाही, आजी," सर म्हणाले. "त्याला खायला तोंडच नसतं. तीन-चार दिवस जगतं, अंडी घालतं, संपलं."

आजीने मला नोमालांगाच्या हातात परत दिलं. "दुष्काळात पोरं भुकेने रडली, तरी धुरात टांगलेल्या मक्याच्या बियाण्याला मी हात लावला नाही. आणि इथे बियाणंच भाजून खात बसले होते?"

तिने बादलीतला एकेक कोष परत खड्ड्यात ठेवला आणि हाताने माती लोटली. 

"मास्तर, जगतील ना रे हे?"

सर तिच्याशेजारी बसून माती लोटू लागले. त्यांना माहीत नव्हतं. नोमालांगाने माझं झाकण काढलं आणि पाखरू मोपानेच्या फांदीवर जाऊन बसलं.

मित्रांनो, अळ्या खुशाल खा, टोमॅटो-कांद्यात फार छान लागतात म्हणे. पण जे आपल्या पायांनी मातीत गेलं, ते तिथेच राहू द्या. आणि खिडकीत कधी मातीने भरलेली बरणी दिसली, तर लगेच घासायला घेऊ नका. आत कुणीतरी झोपलेलं असेल.