माझ्या चिठ्ठीवरचा खोटा शब्द

"आई, याला मारलं कोणी?"

प्रश्न खरा मैत्रिणींचा. "तुझीच आई आहे ना? मग विचार की! घाबरलीस?" असं डिवचून त्यांनी एका मुलीला पुढे ढकललं होतं. शाळेची सहल संग्रहालयात आली होती आणि नमुने दाखवत होती तिची आई, इथल्या कपाटांची राखणदार. मैत्रिणी फिदीफिदी हसल्या. आईने मात्र हातातलं माझं पाकीट अलगद टेबलावर ठेवलं.

"मीच मारलं गं," ती म्हणाली.

मित्रांनो, मी एक जुना नमुना आहे, दगडफुलाचा. नावात फूल, पण पाकळी नाही की वास नाही. दगडाला चिकटलेली नारिंगी खपली म्हणा ना! वर्षानुवर्षं पाऊस न फिरकणाऱ्या उजाड टेकडीवर मी पहाटेच्या दवावर जगायचो. नखाएवढं वाढायला मला शंभर वर्षं लागली. मला कसली घाई?

घाई या आईला होती. तेव्हा ती वीस वर्षांची, हातात छिन्नी-हातोडी. थोडंसं घ्यायचं, बाकीचं दगडावर ठेवायचं, हा नमुने गोळा करणाऱ्यांचा नियम. पण मी तिला इतका आवडलो की तिने मला अख्खा उचकटला. खाली गाडीचा हॉर्न वाजत होता. तिने चिठ्ठीवर जागा लिहिली, तारीख लिहिली आणि शेवटी लिहिलं, 'इथे भरपूर'. शोधलं मात्र नाही. मी तिथे एकटाच होतो.

सुरुवातीला माझं काय कौतुक! भिंगातून बघून मोठमोठे लोक "वा, काय रंग आहे!" म्हणायचे. पुढे डांबरगोळ्यांच्या वासात मला सगळे विसरले. मग एकदा खाणवाल्यांचं पत्र आलं : त्या टेकडीवर काही दुर्मिळ आहे का? कोणीतरी माझी चिठ्ठी वाचून उत्तर पाठवलं, चिंता नको. खाण सुरू झाल्यावर तिला कळलं, तेव्हा ती धावत गेली. उरलेल्या अर्ध्या टेकडीवर तीन दिवस दगडन्‌दगड बघितला. परत आली आणि माझ्या कपाटाला कपाळ टेकून रडली.

इथे जुनं लिखाण कधी खोडत नाहीत. चूक सापडली तर शेजारी सहीनिशी नवी चिठ्ठी चिकटवतात. तिने कितीदा तरी कोरा कागद काढला आणि ड्रॉवरमध्ये परत ठेवला.

मित्रांनो, मला घरी सोडा असं मी कोणत्या तोंडाने म्हणू? उरलेली टेकडीही पुढे खाणीत गेली, घरच राहिलं नाही. एवढंच मागतो, कशालाही 'भरपूर' म्हणण्याआधी एकदा मागे वळून बघा.

संध्याकाळी बाबा मायलेकींना न्यायला आले. सगळं ऐकून हळूच म्हणाले, "जाऊ दे ना आता. टेकडीच गेली. चिठ्ठीने काय फरक पडतो?"

"असं कसं, बाबा? दुसऱ्या एखाद्या टेकडीवर याचा कोणी भाऊबंद असला तर? पुन्हा पत्र आलं, पुन्हा कोणी ही चिठ्ठी वाचली, तर त्याला कोण वाचवणार?"

मुलीने ड्रॉवर उघडला, कोरा कागद टेबलावर ठेवला आणि खुर्ची ओढली.

"दोघंही ऐका. मी ठरवलंय. नवी चिठ्ठी लागल्याशिवाय मी घरी येणार नाही. आई, लिहायचं तूच. मी शेजारी बसते."