मानेची साक्ष

"स्पासकाका, जास्त बोलायचं नाही. 'तिने मान हलवली, मी होकार समजलो.' एवढं म्हणायचं आणि खाली बसायचं." कोर्टाच्या व्हरांड्यात आमची वकील याना त्याला तिसऱ्यांदा सांगत होती.

"बरं," स्पास म्हणाला.

"बरं काय बरं," मी म्हटलं. "नीट पाठ कर. पेन्शन सात महिन्यांवर आलीय तुझी."

मी स्तेफ्का. डॅन्यूबकाठच्या आमच्या गावातल्या एकुलत्या एका वर्तमानपत्रात बावीस वर्षं मुद्रितं तपासते आहे. स्पास तिथे चौतीस वर्षं फोटो काढत होता. महापौरांनी फीत कापल्याचे, बक्षीस मिळालेल्या भोपळ्यांचे. इतक्या वर्षांत त्याने एकच फोटो असा काढला की राजधानीतल्या टीव्हीवाल्यांनी तो मागून घेतला, आणि त्याच फोटोपायी आम्ही कोर्टाची पायरी चढलो होतो.

मार्चमध्ये राद्का स्तामेनोवाचा मुलगा होडीसकट नदीत गेला. तिसऱ्या दिवशी सापडला. राद्का काठावर त्याचा एक बूट मांडीवर घेऊन बसली होती. स्पास पोलिसांच्या फितीबाहेर, रस्त्यावर उभा होता, म्हणजे कायद्याने अगदी बरोबर जागी. त्याने कॅमेरा उचलला आणि भुवयांनीच विचारलं, काढू? तिने मान हलवली. त्याने काढला.

"बाईची परवानगी होती ना रे?" संपादक राल्चेवने विचारलं.

"मान हलवली तिने," स्पास म्हणाला.

फोटोखाली 'संमतीने' असं छापायचं ठरलं. ती ओळ मीच तपासली. मान कुठल्या दिशेला हलवली, हे विचारायचं मला सुचलं नाही. आपलं काम शुद्धलेखनाचं, असं म्हणून मी मोकळी झाले.

पुढे राद्काला गावात तोंड दाखवणं नको झालं. पावाच्या दुकानात, दवाखान्यात, बसमध्ये, जो तो म्हणायचा, ही ती बूटवाली. अनोळखी बाया दारात येऊन तिच्या गळ्यात पडायच्या आणि जाताना तिचा फोटो काढून न्यायच्या. शेवटी तिने दावा लावला. भरपाई नको, फोटो सगळीकडून काढून टाका आणि संमती नव्हती असं छापा, एवढंच तिचं मागणं. राल्चेवने स्पासला केबिनमध्ये बोलावून सांगितलं, हरलो तर तू घरी बसायचं.

कोर्टात याना उभी राहिली. पोरगी हुशार, त्यात वाद नाही. रस्ता सार्वजनिक होता, बातमी गावाच्या हिताची होती, तेव्हा तिथे जायला पत्रकाराला कायद्याची आडकाठी नाही, असं तिने आधी पटवून दिलं. मग ती राद्काकडे वळली.

"राद्काबाई, तुम्ही इटलीत म्हाताऱ्या माणसांची सेवा करायला होतात. किती वर्षं?"

"अकरा."

"तिथे 'हो' म्हणायला मान कशी हलवतात?"

"वरखाली."

"आणि आपल्याकडे?"

"आपल्याकडे मान वर उडवली की 'नाही'. आडवी हलवली की 'हो'."

"म्हणजे नदीवर तुमची मान वरखाली झाली, बरोबर? मग अकरा वर्षं इटलीत काढलेल्या बाईची मान कुठल्या देशाची समजायची?"

मागच्या बाकावर कोणीतरी फिसकन हसलं. खोटं कशाला बोलू, मलाही हसू आलं. मग राद्काकडे नजर गेली आणि माझी मलाच लाज वाटली.

न्यायाधीशबाईंनी हसणाऱ्याला गप्प केलं. "स्तामेनोवाबाई, तुम्ही परवानगी दिली होती का?"

राद्काने मान वर उडवली. लिहून घेणाऱ्या मुलीची बोटं थांबली.

"तोंडाने सांगा. मान लिहून घेता येत नाही आम्हाला."

राद्काने लिहून घेणाऱ्या मुलीकडे पाहिलं. मग म्हणाली, "नको म्हणायचं होतं मला. पण आता ह्या बाई विचारतायत तर... तिकडे म्हातारीला भरवताना दिवसभर 'हो, हो' करत मान हलवायचे मी. परत आले तर दुकानात घोटाळे व्हायचे. नको ते बांधून मिळायचं. त्या दिवशी मान कशी गेली, ते मला कुठे दिसलं? मीच हो म्हणाले असेन, तर मग..."

याना शांतपणे खाली बसली. केस आम्ही जिंकलो होतो. स्पासने पाठ केलेलं म्हणून टाकलं की झालं.

तो उभा राहिला. "तिने मान हलवली," तो म्हणाला आणि थांबला.

"आणि तुम्ही होकार समजलात?" न्यायाधीशबाईंनी विचारलं.

"नाही बाई. नकारच होता तो. डोळे मिटून मान वर गेली आणि जिभेने 'च्च' केलं तिने. आमच्या आया करायच्या तस्सं. मला तेव्हाच कळलं होतं."

"मग फोटो का काढलात?"

"आयुष्यात असा फोटो पुन्हा मिळायचा नाही, असं वाटलं." मग त्याने राद्काकडे पाहिलं. "राद्का, तुझी मान बरोबर होती गं. तू हो म्हणाली नव्हतीस."

राद्काने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. यानाने फाईल बंद केली.

फोटो सगळीकडून काढून टाकला. 'संमती नव्हती' ही ओळ पहिल्या पानावर आली. दोन शब्दांची ओळ, पण मी ती चारदा तपासली. त्याच आठवड्यात स्पासने टेबल रिकामं केलं. मी त्याला म्हटलं, गाढवा, सात महिने गप्प बसला असतास तर? तो लेन्स पुसून खोक्यात भरत राहिला. मला त्याचा राग आला होता आणि त्याचा अभिमानही वाटत होता. दोन्ही एकदम सांगायला मला जमलं नाही.

आता त्याने बसस्थानकाजवळ फोटोचं लहानसं दुकान टाकलं आहे. व्हिसाचे फोटो, शाळेचे फोटो. काही म्हातारी माणसं, आपण मेल्यावर दारावर चिकटवायच्या निधनाच्या पत्रकासाठी, आधीच छानसा फोटो काढून ठेवायला येतात. परवा ओळखपत्रासाठी मी गेले. लिपस्टिक लावून स्टुलावर बसले.

"काढू का?" त्याने विचारलं.

"नाहीतर काय, गंमत म्हणून नटून आलेय मी?"

तो कॅमेऱ्यामागे तसाच उभा. बाहेर बस आली, माणसं चढली, बस गेली. तरी त्याचं बोट हललं नाही.

"हो रे बाबा," मी म्हटलं. "काढ."

तेव्हा कुठे त्याने बटण दाबलं. त्या फोटोत माझे डोळे भरून आलेत. ओळखपत्राच्या कचेरीत म्हणाले, हा चालणार नाही.