रॉइसचा झेंडा झिजवताना

माजी सैनिकांच्या हॉलबाहेर एक पत्र्याची पेटी आहे. गावातले लोक आपले विटलेले, फाटलेले झेंडे त्यात आणून टाकतात आणि जूनमधल्या ध्वजदिनाला त्या सैनिकांच्या मंडळाची मंडळी ते रीतसर जाळतात; अमेरिकेत झिजलेल्या झेंड्याला मानाचा निरोप असाच देतात. मंडळी म्हणजे काय, चार म्हातारे. पेटी उपसायचं काम ऑर्विल टेशकडे, कारण बाकीच्यांना वाकता येत नाही. त्यालाही येत नाही, पण तो तसं बोलून दाखवत नाही.

गेल्या वर्षी पेटीच्या तळाशी त्याला एक तिकोनी काचेची चौकट सापडली. आत, सैनिकाच्या शवपेटीवरून उतरवून घरच्यांच्या हातात देतात तो झेंडा, घडीसुद्धा न मोडलेला. पट्टीवर नाव होतं, वेंडेल क्रोगर. जुना दोस्त. वेंडेलच्या नातवाने घर विकायला काढलं होतं, त्या साफसफाईत हाही गेला.

ऑर्विलने पट्टीवरची धूळ बाहीने पुसली. अशीच एक चौकट त्याच्याही घरी होती. धाकटा भाऊ रॉइस व्हिएतनामच्या लढाईतून शवपेटीत आला तेव्हापासूनची. आईने मरेपर्यंत ती घडी कोणाला मोडू दिली नव्हती. आता घरात ऑर्विल एकटा, बायको ना पोर, आणि हृदयाबद्दल डॉक्टर काय म्हणाले ते त्याने कोणाला सांगितलं नव्हतं. आपण गेलो की रॉइसही असाच कोणाच्या तरी कचऱ्यात जाणार. त्यापेक्षा आपल्या हाताने, सलाम करून निरोप दिलेला बरा.

रॉइसची चौकट काखेत मारून तो मंडळाचा प्रमुख लाइल ह्रुस्का याच्याकडे गेला. फौजेतून परतल्यावर लाइलने आयुष्यभर शाळेची बस चालवली, आणि नियम म्हटला की तो कोणाच्या बापाचं ऐकत नाही.

"हा जाळता येणार नाही. कोरा करकरीत आहे," लाइल म्हणाला.

"पन्नास वर्षांच्या वरचा आहे, लेका."

"वय कोण विचारतंय? झिजलेला पाहिजे. धडधाकट झेंडा जाळायचा, तर आपल्यात आणि रस्त्यावर निषेध म्हणून जाळणाऱ्यांत फरक काय?"

"आणि उद्या मी खपलो तर?"

लाइलने चौकट त्याच्याकडे परत सरकवली. "मग फडकव," तो म्हणाला. "झिजला की आण."

बोलायला काय जातं! तो झेंडा शवपेटी झाकायच्या मापाचा, सुती. अंगणातल्या खांबाला मोठा आणि नेब्रास्काच्या वाऱ्याला नाजूक. कापणी संपल्यावर ऑर्विलने घडी मोडली तेव्हा त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आई असती तर हात तोडले असते तिने. पण त्याने झेंडा चढवला, आणि मग उतरवलाच नाही. रात्री नाही, पावसात नाही.

शेजारची बर्निस व्होपट कुंपणाशी आली.

"ऑर्विल, गारा पडताहेत. झेंडा उतरवायचा असतो, हे मी सांगायचं तुम्हाला?"

"राहू दे त्याला."

"सैनिक होता ना तुम्ही? काही लाजबीज?"

"होती. वापरून संपली."

त्या रात्री बर्निसने आपल्या गॅरेजचा दिवा त्याच्या खांबाकडे वळवला. रात्री झेंडा अंधारात ठेवू नये एवढं तिला कळत होतं. मात्र हिवाळाभर ती त्याच्याशी बोलली नाही. ऑर्विल खिडकीत बसून कॉफी प्यायचा आणि पट्टे एकेक करून उसवताना बघायचा. कधी वाटे बरं चाललंय, कधी वाटे आपण भावाला दुसऱ्यांदा मारतोय. ज्याचं जळतं त्याला कळतं, दुसरं काय.

यंदाच्या ध्वजदिनाला हॉलमागे पिंपात आग पेटली. खुर्च्यांवर थोडीच माणसं. प्रत्येक झेंडा प्रमुखाला दाखवायचा, त्याने विचारायचं आणि आणणाऱ्याने हो म्हणायचं, अशी रीत. ऑर्विलची पाळी आली.

"हा झेंडा सेवेत झिजला का?" लाइलने विचारलं.

एका शब्दाचं काम होतं. पण रॉइसचा झेंडा हातात धरून खोटं बोलायला त्याची जीभ वळेना.

"मी झिजवला," तो म्हणाला. "मुद्दाम. गारांत, बर्फात टांगून ठेवला."

लाइलने हातातला विधीचा कागद उलटून पाहिला. कागदावर याचं उत्तर नव्हतं. ऑर्विल झेंडा धरून उभा. आता परत घेऊन जायचा, चौकटीत घालायचा, आणि मग आपल्यामागे...

मागून खुर्ची सरकली. बर्निस उभी होती.

"हिवाळाभर वर होता तो," ती म्हणाली. "एकदा खाली आला नाही. मी रोज बघितलाय. सेवा म्हणतात ती याहून वेगळी असते का, लाइल?"

लाइलने कागदाची घडी करून खिशात घातली. "स्वीकारला," तो म्हणाला.

सुती कापड, लगेच पेटलं. ऑर्विलने सलाम ठोकला. हलकं वाटेल असं त्याला वर्षभर वाटत होतं. हलकंबिलकं काही वाटलं नाही. रॉइस आज गेला, असं वाटलं.

लोक लिंबू सरबताकडे वळले. पिंपात राख उरली, तरी ऑर्विलचा हात कपाळालाच.

"ऑर्विल, हात खाली घे," लाइल जवळ येऊन म्हणाला.

"हुकूम कुठे झालाय?"

लाइलने त्याच्याकडे पाहिलं. मग त्याच्यासमोर ताठ उभा राहिला आणि बऱ्याच वर्षांत न काढलेल्या फौजी आवाजात त्याने सलामी सोडायचा हुकूम दिला. तेव्हा हात खाली आला.