ओला दाणा

बरणीत बुरशी आली होती.

धम्मशीलाने बरणी खिडकीच्या उजेडात धरली. काचेला चिकटून तीन दाणे होते आणि त्यांच्याभोवती कापसासारखी पांढरी लव. बाकीची तूर, ज्वारी, हरभरा, मूग सगळं कोरडं खडखडीत होतं. वाळलेल्या दाण्याला अशी बुरशी लागत नाही. कुणीतरी ओले दाणे टाकले होते.

बरणी तिनेच दिवाळीनंतर सुरू केली होती. अंगणवाडीत येताना प्रत्येक पोराने शेजारच्या एका घरी डोकावायचं, ‘बरे आहात का?’ असं विचारायचं आणि त्या घरातून एक दाणा मागून आणायचा. दाणा बरणीत पडला की सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या. शेजाऱ्याची माया चार-पाच वर्षांच्या लेकरांना नुसती सांगून कळत नाही, हातात काहीतरी द्यावं लागतं, असं तिचं मत होतं. बी.एस्सी.ला वनस्पतिशास्त्र घेतलेल्या बाईला दाण्याशिवाय दुसरं काय सुचणार?

तिने चमच्याने ते तीन दाणे बाहेर काढले. काठावर पांढरी रेघ, म्हणजे वाल. गावातून वाल एकाच घरून येत, जनकाबाईच्या. पण जनकाबाई आपले वाल वाळवून, राखेत घोळून डब्यात ठेवायची. तिचा दाणा काळा, टणक, बोटांना राख लावणारा. हे तीन हिरवट होते, सुरकुतलेले, शेंगेतून थेट सोललेले. एक जास्त आक्रसलेला, दुसरा त्याहून कमी, तिसरा त्याहूनही कमी. सोमवार, मंगळवार, बुधवार.

आज गुरुवार होता.

पोरं येऊ लागली. मदतनीस तानाबाई दारात उभी राहून एकेकाचं नाक पुसत होती. योगिनी नेहमीप्रमाणे धावत आली, मूठ पुढे करून.

“मॅडम, माहा दाणा!”

तळहातावर हिरवा, ओलसर वाल. पोरांनी टाळ्या वाजवल्या. धम्मशीलाने वाजवल्या नाहीत. ती योगिनीसमोर उकिडवी बसली.

“जनका आजी काय म्हणाली गं?”

“बरी हाव म्हने.”

“दाणा तिनेच दिला? तुझ्या हातात?”

योगिनीने तानाबाईकडे पाहिलं, मग पायाच्या अंगठ्याकडे. “तिची बकरी लय वरडून राह्यली,” ती म्हणाली. “खूप येळची.”

जनकाबाई एकटी राहायची. मुलगा पुण्यात. पासष्टीची बाई, साखरेचा आजार. आणि योगिनीची आजी अन्नपूर्णाबाई म्हणजे तिची भिंतीला भिंत लागून शेजारीण. गेल्या शनिवारी जनकाबाईची बकरी अन्नपूर्णाबाईच्या मेथीत शिरली, त्यावरून दोघींचं जे वाजलं ते पारापर्यंत ऐकू गेलं होतं.

तिने जनकाबाईचा नंबर लावला. रिंग वाजत राहिली आणि थांबली. पुन्हा लावला. पुन्हा तेच.

“वावरात गेली असंन,” तानाबाई म्हणाली.

“बकरी ओरडत ठेवून?”

तानाबाईच्या हातातला रुमाल तसाच राहिला. “जा तुम्ही. म्या पाहतो पोराईकडे.”

धम्मशीलाने योगिनीचं बोट मुठीत धरलं. दोघी निघाल्या. योगिनी अर्धी चालत होती, अर्धी पळत होती.

जनकाबाईचं पुढचं दार आतून बंद होतं. “मावशी! जनकामावशी!” धम्मशीलाने कडी वाजवली, मग फोन लावला. आत, दारापलीकडे कुठेतरी, रिंग वाजू लागली. वाजत राहिली.

अंगणात खुंटीला बांधलेली बकरी घसा बसेपर्यंत ओरडत होती. धम्मशीलाने तिच्याकडे पाहिलं. कास तटतटून फुगली होती, सडांतून आपोआप थेंब गळत होते. एका वेळचं नाही, दोन वेळचं दूध साठलं होतं. काल सकाळी धार काढली गेली असणार. काल संध्याकाळी नाही. आज नाही.

“काय व मॅडम?” कुंपणापलीकडून आवाज आला. अन्नपूर्णाबाई धाड गावच्या बाजारासाठी मेथी कापत बसली होती, हातात विळा. “त्या बकरीची कीव आली काय? भोकाडू द्या तिले. अख्खा वाफा खाल्ला माहा. आन तू काऊन आली व योगे? तुले काय सांगतलं होतं?”

योगिनी धम्मशीलाच्या मागे सरकली.

“मावशी, जनकामावशी दार उघडत नाही.”

“माह्यासाठी त ती पाच दिवसांपासून उघडत नाही.”

“काल संध्याकाळपासून बकरीची धार काढलेली नाही. कास बघा.”

अन्नपूर्णाबाईचा हात थांबला. तिने मान उंचावून बकरीकडे पाहिलं. चेहऱ्यावरचा राग एकदम उतरला, जणू कुणी फडक्याने पुसून काढला.

“जनकी स्वतः जेवाची नाही,” ती म्हणाली, “पन धार चुकवाची नाही.”

मग ती उठली आणि कुंपणातूनच आली. कुंपणावरचा वालाचा वेल तिच्या खांद्याला अडकून फाटला, तिने मागे वळून पाहिलं नाही. “पुढचं नाही उघडाचं. मागं या.”

मागच्या दाराला आतून लाकडी अडसर होता. अन्नपूर्णाबाईने फटीत विळ्याचं टोक घातलं आणि चाचपत वर नेलं. “किल्ली हरवली का ही मलेच हाक मारे,” ती पुटपुटत होती. “तीस वर्सं म्याच उघडून राह्यलो हे दार.” टोक दोनदा घसरलं. तिसऱ्या वेळी आत काहीतरी धाडकन पडलं आणि दार सरकलं.

जनकाबाई चुलीपाशी कुशीवर पडली होती. लुगडं घामाने चिंब, अंग गार. धम्मशीलाने नाकापुढे हात धरला. श्वास होता. नाडी जलद होती. “मावशी, ऐकू येतंय?” नुसतं कण्हणं. चूल थंड, पातेलं पालथं. उशाशी तापाच्या गोळ्या आणि त्यांच्या शेजारी साखरेच्या गोळ्यांची पट्टी. दोन दिवस तापात पडलेली बाई, पोटात अन्न नाही आणि साखर उतरवायची गोळी मात्र नेमाने घेतलेली.

“पानी पाजतो तिले,” अन्नपूर्णाबाई तांब्या घेऊन वाकली.

“नको! तिला गिळता येत नाही, छातीत जाईल. साखर पाहिजे. साखर कुठे आहे?”

फळीवर मीठ होतं, तिखट होतं, हळद होती. साखरेच्या रोग्याच्या घरात साखर कुठली असणार?

“योगे!” अन्नपूर्णाबाई ओरडली. “चायच्या साखरेचा डबा आन! पळ!”

योगिनी दारातच थिजली होती. आजीने जिथे पाऊल टाकायला मना केलं होतं तिथे आता आजीच बसली होती. मग ती पळाली. कुंपणातल्या भगदाडातून गेली आणि तिथूनच परत आली, छातीशी डबा, सांडणारी साखर वाटेवर पसरवत.

धम्मशीलाने साखरेत पाण्याचे दोन थेंब घालून घट्ट लगदा केला. जनकाबाईला कुशीवरच ठेवलं आणि तिच्या गालाच्या आतून, हिरड्यांवर तो बोटाने चोळला. थोडा. थांबून पुन्हा थोडा. अन्नपूर्णाबाईने पारावर जीप लावणाऱ्या ज्ञानेश्वरला फोन करून बोलावलं आणि मैत्रिणीचं डोकं मांडीवर घेतलं.

पाच मिनिटं गेली. काहीच नाही. धम्मशीला श्वास मोजत होती. मोजण्याने काही होत नाही हे तिला माहीत होतं, तरी मोजत होती. दहा मिनिटं. बाहेर जीपचा हॉर्न वाजला.

जनकाबाईचे ओठ हलले. जिभेने साखर चाटली.

“बकरी…” ती म्हणाली.

“काढतो व तुह्या बकरीची धार,” अन्नपूर्णाबाई पदराने तिचं कपाळ पुसत म्हणाली. “चूप राह्य आता.”

जीपमध्ये तीच चढली, मेथीच्या चिखलाने भरलेल्या हातांनी. जाता जाता ओरडली, “मॅडम, बकरीची धार!”

जीप धाडच्या दवाखान्याच्या रस्त्याला लागली. अंगणात धम्मशीला आणि योगिनी उरल्या. धम्मशीला भांडं घेऊन बकरीपाशी बसली. भांड्यात धार पडू लागली.

“आजी म्हने, तिच्या दारी गेली त तंगडं तोडीन,” योगिनी एकदम म्हणाली. “मंग म्या कुंपनातून शेंग तोडली. दाणा नसला त टाळी नाही वाजत ना.”

धम्मशीलाचे हात सडांवर थांबले. खरंच, विचारण्याला टाळी कधी नव्हतीच. टाळी दाण्याला होती. पोरांनी दाणा आणायला शिकावं अशीच सगळी मांडणी तिने स्वतः केली होती आणि पोरं तेच चोख शिकली होती.

“चूक माझी झाली,” ती म्हणाली. योगिनीला ते कळलं नसावं. पण ती जवळ सरकली आणि बकरीची मान धरून उभी राहिली.

संध्याकाळी अन्नपूर्णाबाईचा फोन आला. “शुद्धीवर हाय. सलाईन लावली. डोये उघडले आन पह्यलं काय म्हनते माहीत हाय? तुह्या मेथीत किडे होते, माह्या बकरीचं पोट बिघडलं!” बोलता बोलता ती हसत होती, आणि मग फक्त नाक ओढल्याचा आवाज आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बरणी धुऊन उन्हात पालथी घातलेली होती. पोरं फरशीवर गोल बसली. योगिनी उशिरा आली आणि दारातच उभी राहिली. तिने दोन्ही तळहात उघडून दाखवले. रिकामे.

“दाणा नाही,” ती म्हणाली. “जनका आजीच्या घराले कुलूप हाय. म्या बकरीले पानी पाजलं. तिनं मले ढुशी देली.”

टाळी वाजवायची की नाही ते पोरांना कळेना. ती मॅडमच्या तोंडाकडे पाहू लागली.

“लागली का?” धम्मशीलाने विचारलं.

“थोडीशीच.”

“ये, बस. प्रेम, तू सांग. तुमच्या शेजारचे शेषराव आजोबा कसे आहेत?”

प्रेम उभा राहिला. त्याची मूठ मिटलेली होती. त्याने मुठीकडे पाहिलं, योगिनीच्या उघड्या तळहातांकडे पाहिलं, आणि मूठ हळूच पाठीमागे नेली.

“थांबा मॅडम,” तो म्हणाला, “इचारून येतो,” आणि चप्पल न घालताच बाहेर पळाला.