सात नंबरची खुंटी

कल्पना करा पाहू. एक लांबट खोली आहे. भिंतीवर ओळीने लाकडी खुंट्या, प्रत्येकीखाली पांढऱ्या रंगात एक आकडा. ओल्या कपड्यांचा, चिखलाचा आणि सांध्यांना चोळायच्या तेलाचा वास. सगळ्या खुंट्यांवर खेळाडूंचे कपडे लटकलेत. फक्त सातवी रिकामी. तिच्यावर कोणी टोपीसुद्धा अडकवत नाही. का, ते किलमोरन गावात कोणी विचारत नाही. सगळ्यांना ठाऊक आहे.

फिन्टन हार्टनेटला तर सगळ्यांत जास्त ठाऊक होतं.

एकोणीस वर्षांचा असताना तो इथल्या रग्बी संघाचा कॅप्टन होता. पॉरिक त्याच्याच गल्लीतला, सात नंबरचा. एका सामन्यात पॉरिकच्या डोक्याला मार बसला. तो हसत उठला आणि म्हणाला, "फिन्टन, स्कोर काय रे?" फिन्टनने सांगितला. मिनिटाभराने पुन्हा, "स्कोर काय रे?"

"बहिरा झालास का गाढवा?" फिन्टन म्हणाला, आणि सगळा संघ हसला. पुढच्याच टॅकलमध्ये समोरच्याने पॉरिकला धरून पाडलं, तो पुन्हा उठलाच नाही.

फिन्टन पुढे मोठा खेळाडू झाला. आयर्लंडमधल्या मन्स्टर प्रांताच्या लाल जर्सीत दहा वर्षं, मग फ्रान्समध्ये पाच. गुडघे कुरकुरू लागले तेव्हा गावचा संघ बंद पडायच्या बेतात होता. लोक म्हणाले, "तूच शिकव आणि तूच खेळ." छत्तिसाव्या वर्षी तो परत आला.

पहिल्याच शनिवारी त्याला ते ऐकू आलं. बाकीचे चौदाही गडी मैदानावर गेले होते. तो शेवटी निघाला, तर खोलीतून मैदानाकडे जाणाऱ्या सिमेंटच्या बोळात मागे बुटांचे खिळे वाजले. खट्, खट्, खट्. मागे वळला, कोणी नाही. त्यानंतर एकही शनिवार चुकला नाही. त्याने कोणाला सांगितलं नाही. एवढंच केलं की लहान मुलांच्या सरावात दर वेळी बजावायला लागला, "तोच प्रश्न दोनदा विचारला की बाहेर. मग तो कोणीही असो."

त्या मुलांत त्याची अकरा वर्षांची मुलगी नूलाही होती.

मार्चमधला शेवटचा सामना. हरले तर संघ खालच्या गटात जाणार होता. खेळाडू बदलायचा तर कोचच्या सहीची चिठ्ठी रेषेवरच्या पंचाला द्यावी लागते. फिन्टन मैदानातच असायचा, म्हणून कोऱ्या चिठ्ठ्यांवर आधीच सह्या करून तो त्या मॉसीकडे ठेवायचा. मॉसी म्हणजे संघाचं सामान सांभाळणारे म्हातारबाबा. चिठ्ठ्या भिजू नयेत म्हणून ते बिस्किटांच्या डब्यात ठेवत. फिन्टन आतून नंबर ओरडे, मॉसी तो चिठ्ठीवर लिहीत. दोन वर्षं हे छान चाललं. आठ नंबर कोण ओरडणार, हे कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. आठ नंबर फिन्टनचा स्वतःचा.

वीस मिनिटं उरली असताना कोणाचा तरी गुडघा फिन्टनच्या कानशिलावर आदळला. तो उठला. खेळ थांबला होता, तेव्हा पाणी प्यायला रेषेपाशी नूलाकडे आला.

"नूला, स्कोर काय?"

"दोनने मागे, डॅडी."

पाणी पिऊन त्याने बाटली परत दिली. "नूला, स्कोर काय?"

नूलाने त्याच्याकडे पाहिलं. तो तिच्याकडे बघतच नव्हता. तिच्या मागे, बोळाच्या दाराकडे बघत होता.

"पॉरिकला म्हणावं, लवकर ये," असं म्हणून तो परत मैदानात पळाला.

"मॉसी, डॅडीला बाहेर काढा!"

"मी? कोचला? अगं, बुटांसकट गिळेल तो मला! आणि तो बाहेर आला तर संपलंच सगळं."

"त्याने दोनदा विचारलं."

"दमला असेल, पोरी. दमल्यावर विसरतं माणूस."

"पॉरिकसुद्धा दमलाच होता का?"

मॉसींनी डबा पुढ्यात ओढला. त्या दिवशी तेही हसले होते. त्यांनी डबा उघडून चिठ्ठी काढली, पण पेन्सिल नुसतीच धरून ठेवली. नूलाने ती घेतली, आठ लिहिलं आणि पंचाकडे धावली.

शिट्टी वाजली. फिन्टन तणतणत आला. "कोणी काढलं मला? सही कोणाची आहे?"

"तुझीच," नूला म्हणाली.

पंचाने पुढे केलेल्या चिठ्ठीवर त्याने आपली सही पाहिली. मग तिच्याबरोबर खुंट्यांच्या खोलीकडे चालू लागला.

आत संघाच्या डॉक्टरबाईंनी त्याच्या डोळ्यांत बॅटरी मारून पाहिलं आणि फोन करून अँब्युलन्स मागवली. "याला झोपू देऊ नकोस, बोलत ठेव," असं नूलाला सांगून त्या अँब्युलन्सच्या वाटेकडे बघत खिडकीशी उभ्या राहिल्या. नूलाने वडिलांचे बूट काढून मांडीवर घेतले. बाहेर लोक ओरडत होते. त्याने स्कोर विचारला नाही.

"ऐकतेस?" तो हळूच म्हणाला.

नूलाने कान दिला. बोळात खट्. मग पुन्हा खट्. सगळे गडी मैदानावर होते, आणि डॅडीचे बूट तिच्या हातात.

"एकोणीस वर्षं झाली," फिन्टन म्हणाला. "पॉरिक अजून बाहेर यायची वाट बघत थांबलाय."

नूलाने बूट सातव्या खुंटीखाली ठेवले. ती बोळात गेली, मैदानाकडचं जड दार दोन्ही हातांनी उघडलं आणि वाट देण्यासाठी भिंतीला चिकटून उभी राहिली. शेवटची खट् तिच्यापुढून जाऊन गवतात विरेपर्यंत तिने ते दार तसंच धरून ठेवलं.