हॉगडालांच्या कुरणाचे फाटक

मित्रांनो, मी एक जुने तारेचे फाटक आहे. अमेरिकेत, डाकोटाच्या उत्तरेकडच्या माळावर, हॉगडालांच्या कुरणाच्या तोंडाशी माझा मुक्काम. बिजागऱ्या, लोखंडी चौकट असला थाट माझ्या नशिबी नाही. काटेरी तारेचे चार पदर, त्यांना ताठ ठेवणारे लाकडी सोट आणि खांबाला अडकवायचा तारेचा फास, एवढाच माझा संसार. ऑर्व्हिल हॉगडालने मला लग्नाच्या वर्षी बांधले आणि असे ताणले, की लावताना खांबाला मिठी मारून खांद्याने रेटावे लागे. त्याची बायको आर्लीन म्हणायची, "मला कधी इतकी घट्ट मिठी मारली नाहीस."

उन्हाळ्यात माझ्यातून गुरे जात. नोव्हेंबरात नारिंगी टोप्या घातलेले शिकारी येत. आधी घराचे दार वाजवून, आर्लीनची पाणचट कॉफी पिऊन मगच ते माझ्याकडे वळत. नियम एकच होता: फाटक जसे सापडेल तसे ठेवायचे. शिकार साधली की हरणाच्या मांसाचे सॉसेज तिच्या स्वयंपाकघरात पोचते करत. त्या दिवसांत मला फार अभिमान वाटे.

मग ऑर्व्हिल गेला. त्याच वर्षी कोणी परके लोक न विचारता आत घुसले आणि मला उघडे टाकून निघून गेले. तिन्हीसांजेला वासरे हमरस्त्यावर गेली. तीन वासरे ट्रकखाली मेली. आर्लीनने मला साखळी घातली, कुलूप लावले आणि खांबावर पाटी ठोकली: 'शिकार बंद'. त्यानंतर माझ्याकडे कोणी फिरकेना. वाऱ्याने घरंगळत आलेली वाळकी झुडपे माझ्या तारांत अडकून बसत. आर्लीनचा माझ्यावरच राग आहे, असे मला वाटे आणि वाईट वाटे.

एका सप्टेंबरात आर्लीन कुंपण बघत होती, तेव्हा रस्त्यावर एक लहान गाडी थांबली. इनेस बरेटो खाली उतरली. ही गावच्या दवाखान्यातली नर्स. दक्षिणेच्या उबदार किनाऱ्यावरून येऊन तिला जेमतेम वर्ष झाले होते. सोडतीत तिला एका हरिणीचा परवाना लागला होता, पण शिकार करायला जागा नव्हती. साऱ्यांची कुरणे आपापल्या भाऊबंदांनी आधीच भरलेली.

"बंदूक चालवता येते का?" आर्लीनने विचारले.

"शिकारीचा वर्ग केलाय, बाई. माझ्या बाकावर बारा वर्षांची पोरं होती. त्यांना माझ्यापेक्षा जास्त मार्क पडले."

आर्लीनच्या ओठाचा कोपरा हलला. "आता सांबरासारखा तो मोठा एल्कही मारायचाय म्हणशील."

"त्याच्याही सोडतीचा अर्ज भरलाय."

"मी लग्न झाल्यापासून भरतेय, पोरी. अजून वाट बघतेय." तिने खिशातून किल्ली काढली. "आधी नुसती फिर. हरणं कुठून येतात ते बघ. फाटक सापडेल तसं ठेवायचं. एक चूक झाली, की किल्ली परत."

पुढे पाऊस ओढला आणि वरचे तळे आटले. वासरे मेल्यावर आर्लीनने हमरस्त्याच्या कडेने कुंपण घातलेच होते, म्हणून गुरांना माझ्याबाहेरच्या खालच्या तळ्यावर जाता यावे यासाठी तिने साखळी काढून नेली आणि मला सताड उघडे ठेवले. संध्याकाळी इनेस आली. उघडे फाटक पाहून तिला आर्लीनने सांगितलेली ती वासरे आठवली. कोणी विसरले असेल, असे समजून ती मला लावायला लागली. खांबाला मिठी मारली, खांद्याने रेटले, बाही फाडून घेतली आणि शेवटी फास अडकवलाच. थांब बाई, असे ओरडावेसे वाटले. पण मला कुठली वाचा.

दुसऱ्या दुपारी तहानलेली गुरे माझ्यापाशी गोळा होऊन हंबरत होती. आर्लीनने पान्याने फास उचकटला. गुरे पाण्याकडे धावली. तिने पिकअपमधून साखळी काढली. आता पुन्हा कुलूप, असे मला वाटले.

तेवढ्यात इनेसची गाडी आली. अंगावर दवाखान्याचेच कपडे होते.

"रस्त्यावरून गुरं दिसली. फाटक मी लावलं. वासरं रस्त्यावर जातील असं वाटलं मला." तिने किल्ली पुढे केली.

आर्लीनने किल्ली घेतली नाही. ती फाटक्या बाहीकडे बघत होती. "एकटीने लावलंस?"

"हो."

"ऑर्व्हिल गेल्यापासून मला तो फास एकदाही खांबापर्यंत ओढता आला नाही. फास पोचत नाही तिथे साखळी पोचते, म्हणून तर ती."

मित्रांनो, इतकी वर्षे ती साखळी मला राग वाटत होती.

"यापुढे फाटकाकडे बघायच्या आधी पाण्याकडे बघ," आर्लीन म्हणाली. "आणि गुरं पिऊन आली, की ती मिठी मला शिकव."

नोव्हेंबरात इनेसने आपली हरिणी मिळवली आणि सॉसेज घेऊन ती आर्लीनच्या दारात उभी राहिली. त्या आठवड्यात आर्लीनने खांबावरची पाटी उपटून उलटी ठोकली. मागच्या कोऱ्या फळीवर रंगाने लिहिले: 'आधी विचारा'.

माझ्यासारखी फाटके तुम्हालाही भेटतील. उघडे असेल तर कोणाला तरी पाण्यावर जायचे असेल, म्हणून तसेच राहू द्या. बंद असेल तर आधी घराचे दार वाजवा. आणि साखळी दिसली तर रागावू नका. पलीकडच्या माणसाला कदाचित ते एकट्याने लावता येत नसेल.